साडूच्या गाडीतला पेट्रोलचा वास

लोक काश्मीरला जाऊन येतात आणि शेजाऱ्यांना बोलावून फोटो दाखवतात. आमच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ तर सिंगापूरला जाऊन आले आणि पुढे वर्षभर आम्ही सिंगापूरच्या फुटपाथांची स्वच्छता ऐकत होतो. मी त्याच सुमारास मुलुंडहून गोराईला जाऊन आलो. मध्ये घाटकोपर, पवई, अंधेरी आणि बोरिवली लागली. एवढ्याला तीन दिवस लागले, कारण आम्ही एका वासाच्या मागे निघालो होतो. या प्रवासाचे फोटो नाहीत. असते तरी मी ते कोणाला दाखवले नसते.

आधी माझ्याविषयी सांगतो, म्हणजे पुढचं कोड्यात पडणार नाही. मी कांदिवलीच्या एका साबणाच्या कारखान्यात वास तपासायच्या कामाला होतो. चंदनाच्या घाण्यात मोगऱ्याचा थेंब जरी गेला असला तरी मला कळायचा. देवाने मला उंची दिली नाही, रंग दिला नाही, पण नाक दिलं. याउलट माझा साडू शशिकांत, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो मुलुंडला एका कारखान्यात फिटर होता आणि त्याच्याकडे मोटार होती. साधीसुधी नाही, लढाईच्या आधीची, काळी, विलायती. घाटकोपरच्या एका पारशी बाईंचा पाण्याचा पंप तो वर्षानुवर्षं दुरुस्त करायचा. बाईंनी जाताना शेडमध्ये गंजत पडलेली गाडी त्याला देऊन टाकली. पुढे तीन वर्षं खपून त्याने ती चालती केली.

मी स्कूटर बुक केली होती त्याला सहा वर्षं झाली होती आणि माझा नंबर अजून यायचा होता. आता तुम्हीच सांगा, माणसाला हेवा वाटणार नाही तर काय होणार!

शुक्रवार, मुलुंड

"दादा, तुमचं नाक पाहिजे," असा शशीचा फोन शेजारच्यांकडे आला म्हणून मी दोन दिवसांची रजा टाकून गेलो. आम्ही बोरिवलीकर मुलुंडला परदेशच समजतो. तिथे नळाला पाणी सकाळी येतं, आमच्याकडे दुपारी. तिथे पाहुण्याला आल्या आल्या फरसाण देतात, आमच्याकडे आधी चहा, आणि पाहुणा बसलाच तर मग फरसाण.

नंदा, माझी मेव्हणी, दारातच म्हणाली, "भावजी, बरं झालं आलात. माझ्या सवतीला घराबाहेर काढा."

गाडीला ती सवत म्हणायची. दसऱ्यानंतर गाडीच्या आत पेट्रोलचा वास यायला लागला होता. नंदाला त्याने मळमळायचं आणि डोकं धरायचं. तिने बसणंच सोडलं होतं.

"हा म्हणतो, कुठाय वास? मी काय येडी आहे काय?" ती म्हणाली. "शेवटी सांगून टाकलं. रविवारपर्यंत वास गेला पाहिजे, नाहीतर गाडी गेली पाहिजे. अंधेरीचा एक माणूस घ्यायला तयार आहे. रविवारी संध्याकाळी येणार आहे तो."

शशी मान खाली घालून उभा होता. मी जाऊन गाडीत बसलो, काचा वर केल्या आणि डोळे मिटले. वास होताच. पुढे बॉनेटकडून नव्हता, मागच्या सीटच्या बाजूने येत होता. हलका, गोडसर, डोक्यात चढणारा.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या काळ्याभोर, आरशासारख्या गाडीत काहीतरी वाईट आहे, आणि ते वाईट हुंगायला मलाच बोलवावं लागलं, याने मला आंघोळ केल्यासारखं वाटलं. त्या आनंदात मी नंदाच्या हातचं बांगड्याचं तिखलं आणि भात दोनदा मागून घेतला. शशी खाली मान घालून जेवला. नंदाने विचारलं, "तिरफळाचा वास लागलाय ना बरोबर?" तो म्हणाला, "झकास." दरवेळी तिने विचारलं की तो असंच म्हणायचा. माझ्या घरी मी आमटीला नाक मुरडतो म्हणून बायको मला वाढताना तोंड फिरवते. मला तिथेही जरा झोंबलं.

शनिवार, घाटकोपर ते अंधेरी

सकाळी आधी घाटकोपरला. पारशी बाईंच्या वेळेपासून गाडी बघणारा एक मिस्त्री तिथे होता. त्याने बॉनेट उघडलं, कार्बोरेटरला कान लावला आणि निदान केलं, "वॉशर गेला. तेल बाहेर येतंय. वास येणारच ना!"

"वास मागून येतोय," मी म्हणालो.

"शेठ, तुम्ही नाकाने गाडी चालवता काय?" तो म्हणाला. त्याची पोरं हसली. वॉशर बदलला, पाइप बदलला आणि दोन तास गेले. मी पुन्हा आत बसून वास घेतला. होता तिथेच होता.

"आहे अजून," मी म्हणालो. शशीने मिस्त्रीशी वाद घातला नाही. "दादा म्हणतात म्हणजे आहे," एवढंच म्हणाला.

तिथून विक्रोळीवरून झाडीच्या रस्त्याने पवईला निघालो. ऊन वाढलं होतं. रस्त्यात जो तो वळून बघत होता. ट्रकवाले हॉर्न देऊन हात करत होते, आणि शशी दोन बोटं उचलून सगळ्यांचे नमस्कार घेत होता. मी शेजारी बसून समोर बघत होतो. तलाव दिसायला लागला आणि गाडीने दोन आचके देऊन दम सोडला.

"अशीच करते हल्ली," शशी म्हणाला. "पाच-सात मैल झाले की थांबते. थोडं थांबलं की परत निघते." तो सिगरेट ओढायला लांब झाडाखाली गेला. वासामुळे गाडीच्या आसपासही ओढायची नाही, असा त्याने नियम केला होता. येताना उकडलेल्या शेंगा आणतो म्हणाला.

काटा बंद असल्यामुळे रोज सकाळी गाडी थंड असताना टाकीत काठी घालून पेट्रोल मोजायचं, ही त्याची पद्धत मला माहीत होती. वेळ घालवायला मी मागे गेलो आणि टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! टाकीने एवढा मोठा श्वास घेतला की मी दचकलो. झाकण उलटं करून बघितलं. मधोमध एक बारीक भोक होतं, सुईच्या टोकाएवढं. टाकीला श्वास घ्यायला ठेवलेलं भोक. ते लाल-पिवळ्या खपलीने बुजलं होतं. मी नाकाशी धरलं. हळद आणि कुंकू.

मला दसरा आठवला. गाडीची पूजा होती. नंदा म्हणाली होती, "भावजी, तुम्ही मोठे, मान तुमचा." मला त्या मानाचा राग आला होता. दुसऱ्याच्या गाडीला हार घालायचा आणि मान म्हणे माझा! मी हळद-कुंकू पाण्यात चांगलं घट्ट कालवलं आणि बॉनेटवर, चाकांवर, शेवटी टाकीच्या झाकणावर अंगठा दाबून दाबून लावलं. नंतर शशीने गाडी पुसली, वर पॉलिशही केलं, पण भोकातलं कुंकू भोकातच वाळलं. टाकीची वाट बंद झाली. उन्हात टाकी तापली की वाफ मागच्या सीटखालचं टाकीचं जुनं बूच उचलून गाडीत शिरायची. चालवताना उलटं व्हायचं. पेट्रोल ओढलं जाई, पण वरून हवा आत येत नसे, आणि इंजिनाचा घसा कोरडा पडायचा. दोन्ही रोग एकाच अंगठ्याचे, आणि तो अंगठा माझा.

देवाशप्पथ सांगतो, मी शशीला हाक मारायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात एक कुटुंब येऊन उभं राहिलं. नवरा, बायको आणि दोन मुली. नवरा कौतुकाने गाडीभोवती फिरला आणि मला म्हणाला, "काय ड्रायव्हर, साहेब कुठे गेले? मुलींचा फोटो काढू का गाडीपाशी? विचारून सांग जरा."

मी झाकण लावलं आणि घट्ट फिरवलं.

शशी शेंगांचा पुडा घेऊन आला. त्याने मुलींना चक्क गाडीत बसवलं आणि फोटो काढून दिला. मग मला म्हणाला, "दादा, काही कळलं?"

"अजून नाही," मी म्हणालो. शेंगा गरम होत्या, चांगल्या मिठाच्या होत्या. मी सगळ्या खाल्ल्या.

अंधेरीत त्या घेणाऱ्या माणसाची शेड होती. शशीने म्हटलं, एकदा बघून तरी घेऊ कुठे जाणार ती. शेडमध्ये दहा-बारा जुन्या गाड्या होत्या, सगळ्या सिनेमाच्या शूटिंगला भाड्याने जाणाऱ्या. एकीला फक्त डावी बाजू रंगवलेली होती, कारण कॅमेऱ्याला तेवढीच दिसायची. तो माणूस खूश झाला. बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "वासाचं टेन्शन घेऊ नका यार. पडद्यावर वास येतो काय? हिचं छप्पर कापायचं. गाण्यात हिरो-हिरॉइन उभे राहतात ना, वाऱ्यावर ओढणी, मस्त दिसेल."

बोरिवलीला येईपर्यंत शशीने एकाही ट्रकवाल्याला हात केला नाही. मला वाटलं होतं, मला आनंद होईल. थोडासा झालाही.

रविवार, बोरिवली आणि गोराई

माझ्या घरी सुलभाने, म्हणजे माझ्या बायकोने, शशीचं असं आदरातिथ्य केलं की मला माझंच घर ओळखू येईना. सकाळी घावणे आणि ओल्या नारळाचा गूळ घातलेला रस! मला रविवारी उपमा मिळतो.

गोराईला इनास नावाचा म्हातारा राहत होता. पारशी बाईंकडे तो तीस वर्षं ड्रायव्हर होता. गाडीची नस त्याला माहीत असणार, ही शशीची शेवटची आशा. गाडी खाडीच्या अलीकडे जेट्टीपाशी उभी केली. काचा वर केल्या, कारण पोरं आत हात घालतात. सकाळच्या गारव्यात वास जवळजवळ नव्हताच. होडी सुटली तेव्हा शशीने विचारलं, "आज कसा होता वास?"

"आज फारसा नाही," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं.

होडीत कोळणींच्या टोपल्या होत्या, सुकट आणि बोंबील. मी रुमाल नाकाला लावला. शशी माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "खूप येतोय का वास?"

"म्हणजे काय? तुला येत नाही?"

"नाही येत," तो म्हणाला. "कसलाच येत नाही दादा. शाळेत असताना टायफॉइड झाला, तेव्हापासून. भाताचा नाही, पावसाचा नाही, पेट्रोलचाही नाही."

"नंदाला माहीत आहे?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "बघायला गेलो तेव्हा तिने शिरा आणलेला. लाजत विचारलं, वेलचीचा वास आवडतो का. मी म्हटलं, झकास. मग सांगायचं राहूनच गेलं. रोज विचारते ती. रोज झकास म्हणतो. आता तर ती पेट्रोलचं सांगते आणि मला नाही म्हणायचा पण हक्क नाही ना." मग म्हणाला, "म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही गेला म्हणालात की गेला. आहे म्हणालात की आहे. मला दुसरं नाक कुठाय?"

त्या वेळी होडी गोराईला लागली. मी उतरताना चिखलात पाय घातला आणि डावी चप्पल तिथेच राहिली. पुढचा सगळा गाव मी एका चपलेने पाहिला. छान गाव आहे. कौलारू घरं, अंगणात क्रूस, त्यावर झेंडूची माळ, अगदी आपल्या तुळशीला घालतो तशी. प्रार्थना आटोपून माणसं इस्त्रीच्या कपड्यांत घरी निघाली होती आणि गल्लीत डुकराच्या मटणाचा मसाला दरवळत होता. शशी त्यातून सरळ चालला होता. मी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

इनास वांग्यांच्या वाफ्यात बसला होता. शशीने गाडीचं नाव काढताच म्हातारा उठून उभा राहिला. "तू चालवतो काय तिला? तू?" त्याने शशीचे दोन्ही हात धरले. घरात नेलं, गरम फुगे खायला घातले, मैद्याचे तळलेले, आंबूस-गोड. बाईंबरोबरचा गाडीचा फोटो दाखवला. मग पेटीतून गाडीची मूळ किल्ली काढली, फडक्यात गुंडाळलेली, आणि शशीच्या मुठीत ठेवली. "बाई गेली, तेव्हा कोनाला दिली नाय. तुझी आता." मला त्याने दोनदा "तू कोन?" विचारलं आणि दोन्ही वेळा उत्तर ऐकलं नाही.

वासाचं ऐकून म्हातारा हसला. "चालता चालता थांबते काय? झाकन उघडलं का फुस् करते?"

शशी एकदम माझ्याकडे वळला. "दादा! पवईला तुम्ही झाकण उघडलं होतं ना? मी लांबून पाहिलं. फुस् झालं होतं?"

किल्ली त्याच्या हातात होती, तिचं जुनं पितळ चमकत होतं. म्हाताऱ्याने एवढी वर्षं जपलेली किल्ली त्याला अर्ध्या तासात मिळाली होती. मला आयुष्यात कोणी काही असं हातात दिलेलं नाही.

"नाही बुवा," मी म्हणालो. "काही ऐकलं नाही."

"मंग झाकन नाय," इनास म्हणाला. "मंग टाकीच फुटली असंल. नवीन कुठनं आननार? सोड."

होडीने परत जेट्टीवर आलो तेव्हा दुपार टळायला आली होती. गाडी पाच तास बंद काचांनी उन्हात तापली होती. खाडीवरून वारा सुटला होता. शशीने सिगरेट काढली, एक काडी विझली, दुसरी विझली. "जाऊ दे, आज वास नाहीच म्हणालात," असं म्हणत तो दार उघडून गाडीत बसला, दार ओढून घेतलं आणि तिसरी काडी पेटीवर टेकवली.

मी बाहेर होतो. दार मिटता मिटता जो भपका बाहेर आला, तो मला अजून आठवतो. मी कसं दार उघडलं ठाऊक नाही. त्याच्या हातावर एवढ्या जोरात मारलं की काडेपेटी उडून खाडीच्या चिखलात गेली. तो सीटवर आडवा झाला.

"काय झालं?"

"बाहेर ये. आधी बाहेर ये शशी!"

सगळी दारं उघडून आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. मग मी टाकीचं झाकण उघडलं. फुस्स झालं, तेही त्याने ऐकलं. शर्टाच्या आतली सेफ्टी पिन काढून मी भोक कोरलं. लाल-पिवळी भुकटी त्याच्या तळहातावर पडली.

"हे कुंकू आहे?"

"हो. माझंच. दसऱ्याचं."

त्याला हसू येत होतं. खरंच येत होतं. मग ते थांबलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. एवढी सवय झाली होती. "काल," मी म्हणालो. "पवईला."

त्याने भुकटी फुंकरून उडवली, हात पँटला पुसला आणि म्हणाला, "बसा."

काचा उघड्या टाकून आम्ही मुलुंडला आलो. गाडी कुठेही थांबली नाही. पवईच्या चढावर मी म्हणालो, "गेला रे वास. पूर्ण गेला." त्याने गिअर बदलला. परत म्हणालो. तो म्हणाला, "बघू."

अंधेरीचा माणूस बिल्डिंगखाली येऊन थांबला होता. नंदा गॅलरीत होती. शशीने तिला खाली बोलावलं. त्या माणसाला म्हणाला, "दोन मिनिटं थांबा." नंदाला पुढच्या सीटवर बसवलं, स्वतः तिच्या शेजारी बसला.

"मला वास येत नाही गं," तो तिला म्हणाला. "लहानपणापासून. तुझ्या शिऱ्याचा पण आला नव्हता. आता तू सांग, आहे का?"

नंदा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली. मग खिडकीतून माझ्याकडे बघितलं. "भावजी, तुम्ही सांगा ना. तुम्हाला बरोबर कळतं."

मी पुढे झालो. शशीने खिडकीची काच वर केली.

आत ती डोळे मिटून वास घेत होती. तिचे ओठ हलत होते. तिला कशाकशाचा वास येतोय ते ती त्याला एकेक करून सांगत होती, आणि तो मान हलवत ऐकत होता. ते माझं काम होतं. काचेबाहेर अंधेरीच्या माणसाने मला विचारलं, "काय हो, तुम्ही यांचे कोण?"